ज्युलिया मॉर्गन

ज्युलिया मॉर्गन (२० जानेवारी १८७२ – २ फेब्रुवारी १९५७) या अमेरिकी वास्तुविशारद होत्या. पॅरिसच्या ‘एकोल दे बोझार’ या विख्यात कलासंस्थेच्या वास्तुकला विभागात प्रवेश मिळविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. कॅलिफोर्निया राज्यात वास्तुविशारद म्हणून परवाना मिळविणारी पहिली महिला हा मानही त्यांच्याकडेच जातो. सुमारे पंचेचाळीस वर्षांच्या कारकिर्दीत त्यांनी सातशेहून अधिक वास्तूंचे आराखडे केले. त्यांत घरे, चर्च, शाळा, रुग्णालये, महिलांची वसतिगृहे आणि सॅन सिमियन येथील ‘हर्स्ट कॅसल’ हा प्रासाद यांचा समावेश होतो. त्यांच्या हयातीत त्यांच्या कामाला व्यावसायिकांचा आदर लाभला, पण प्रसिद्धी मिळाली नाही. अमेरिकी वास्तुविशारदांचा सर्वोच्च सन्मान त्यांना मृत्यूनंतर सत्तावन्न वर्षांनी देण्यात आला.

जन्म आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

ज्युलिया यांचा जन्म सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. पाच भावंडांत त्या दुसऱ्या. कुटुंब लवकरच खाडीपलीकडील ओकलंड या गावी स्थायिक झाले आणि त्यांचे बालपण तेथेच गेले. वडील चार्ल्स बिल मॉर्गन हे पूर्वेकडील कनेक्टिकट राज्यातून पश्चिमेकडे आलेले. खाणी आणि इतर उद्योगांत त्यांनी हात घातला, परंतु त्यांपैकी एकही उद्योग फारसा फळाला आला नाही. घराचा आर्थिक आधार होता तो आई एलायझा यांच्या माहेरचा. एलायझा यांचे वडील आल्बर्ट पार्मली हे कापसाच्या व्यापारात सधन झालेले गृहस्थ होते. त्यांच्या निधनानंतर आजीही ओकलंडला मुलीकडे राहावयास आल्या. अशा रीतीने घराची घडी प्रामुख्याने स्त्रियांच्या हाती राहिली. मुलींच्या शिक्षणास घरातून विरोध झाला नाही. ज्युलिया यांची धाकटी बहीण एमा हिने पुढे कायद्याचे शिक्षण घेतले.

आईकडच्या नात्यातील पिएर लब्रन हे न्यूयॉर्कमधील नामवंत वास्तुविशारद होते. पूर्वेकडील नातेवाइकांकडे जाणे-येणे असल्याने ज्युलिया यांना त्यांच्या व्यवसायाचा जवळून परिचय झाला. वास्तुकलेकडे वळण्याची प्रेरणा त्यांना लब्रन यांच्याकडूनच मिळाली आणि हे मार्गदर्शन पुढे पत्रव्यवहारातूनही चालू राहिले.

शिक्षण

ओकलंड हायस्कूलमधून १८९० साली शालान्त शिक्षण पूर्ण करून ज्युलिया यांनी बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे तेव्हा वास्तुकलेचा स्वतंत्र विभाग नव्हता. त्यामुळे त्यांनी स्थापत्य अभियांत्रिकी हा विषय निवडला. या वर्गांत मुली जवळजवळ नसतच. १८९४ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. अभियांत्रिकीचा हा पाया त्यांच्या पुढील कामाला फार उपयोगी पडला. इमारत सुंदर कशी दिसेल याइतकाच ती उभी कशी राहील हा प्रश्नही त्यांना महत्त्वाचा वाटे.

बर्कलीतच त्यांची गाठ वास्तुविशारद बर्नार्ड मेबेक यांच्याशी पडली. मेबेक स्वतः ‘एकोल दे बोझार’चे विद्यार्थी होते. त्यांनी ज्युलिया यांना पॅरिसला जाण्याचा आग्रह केला. त्या काळी या संस्थेची दारे स्त्रियांना बंद होती. मात्र फ्रान्समधील स्त्री चित्रकार आणि शिल्पकारांच्या संघटनेने प्रवेशासाठी नेटाने चळवळ चालविली होती, आणि दारे लवकरच उघडतील अशी चिन्हे दिसत होती. १८९६ मध्ये ज्युलिया पॅरिसला पोहोचल्या. खासगी कार्यशाळेत काम करीत आणि फ्रेंच भाषा शिकत त्या प्रवेशाची वाट पाहू लागल्या.

१८९७ मध्ये स्त्रियांना प्रवेशपरीक्षेस बसण्याची मुभा मिळाली. फुटा-इंचांत शिकलेल्या ज्युलिया यांना मीटर-सेंटिमीटरमध्ये, तेही परक्या भाषेत, गणिते आणि आरेखने करावी लागत. परदेशी विद्यार्थ्यांसाठी जागाही मोजक्या होत्या. पहिल्या दोन प्रयत्नांत त्यांना यश आले नाही. १८९८ च्या शरद ऋतूत तिसऱ्या प्रयत्नात त्या तेराव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या आणि त्यांना प्रवेश मिळाला. बर्कली विद्यापीठाच्या आश्रयदात्या फिबी ॲपर्सन हर्स्ट यांनी या काळात आर्थिक साहाय्य देऊ केले होते. ज्युलिया यांनी ते नम्रपणे नाकारले.

संस्थेत वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंतच शिकता येत असे. आराखड्यांच्या स्पर्धांत गुण मिळवून वरच्या वर्गात जावे लागे, आणि ज्युलिया यांना त्यासाठी जेमतेम तीन वर्षे मिळाली. मुदत संपता संपता त्यांनी आवश्यक गुण पूर्ण केले आणि १९०२ च्या आरंभी प्रमाणपत्र घेऊन त्या मायदेशी परतल्या.

कारकिर्दीचा आरंभ आणि १९०६ चा भूकंप

परतल्यावर ज्युलिया यांनी बर्कली विद्यापीठाचे वास्तुविशारद जॉन गेलन हॉवर्ड यांच्याकडे काम केले. हर्स्ट स्मारक खाण-विद्या भवन आणि खुले ‘ग्रीक थिएटर’ या वास्तूंच्या कामात त्यांचा सहभाग होता. ग्रीक थिएटरच्या निमित्ताने काँक्रीटच्या बांधकामाचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव मिळाला. १९०४ मध्ये राज्याचा परवाना मिळताच त्यांनी स्वतंत्र व्यवसाय सुरू केला.

त्याच वर्षी ओकलंडमधील मिल्स कॉलेज या महिला महाविद्यालयासाठी त्यांनी ‘एल कॅम्पानिल’ हा सुमारे ७२ फूट उंचीचा घंटामनोरा बांधला. त्यात दहा घंटा टांगावयाच्या होत्या. मनोऱ्यासाठी ज्युलिया यांनी सलोह काँक्रीट, म्हणजे लोखंडी सळया घालून ओतलेले काँक्रीट वापरले. हे तंत्र तेव्हा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर नवीन होते. १८ एप्रिल १९०६ रोजी पहाटे सॅन फ्रान्सिस्को परिसराला भीषण भूकंपाचा धक्का बसला आणि त्यापाठोपाठ लागलेल्या आगींत शहराचा मोठा भाग नष्ट झाला. एल कॅम्पानिल मात्र जसाच्या तसा उभा राहिला.

या एका मनोऱ्याने ज्युलिया यांचे नाव झाले. सॅन फ्रान्सिस्कोतील ‘फेअरमाँट हॉटेल’ची इमारत उद्घाटनाच्या बेतात असतानाच आगीत होरपळली होती. तिच्या सांगाड्याची दुरुस्ती करण्याचे काम त्यांच्याकडे आले. वर्षभरात, १९०७ च्या एप्रिलमध्ये, हॉटेल खुले झाले. भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीमुळे कामांचा ओघ सुरू झाला. त्यांनी शहरातील ‘मर्चंट्स एक्स्चेंज’ इमारतीत कार्यालय थाटले आणि व्यवसाय बंद करीपर्यंत ते तेथेच ठेवले.

महिला संस्थांसाठी कार्य

ज्युलिया यांच्या आश्रयदात्यांत महिला आणि महिलांच्या संस्था यांची संख्या लक्षणीय होती. नोकरीनिमित्त शहरात येणाऱ्या मुलींना सुरक्षित निवारा देणाऱ्या ‘यंग विमेन्स ख्रिश्चन असोसिएशन’ या संस्थेसाठी त्यांनी अनेक वास्तू उभारल्या. मॉन्टेरे द्वीपकल्पावरील असिलोमार हे या संस्थेचे शिबिरस्थळ त्यांनी १९१३ पासून टप्प्याटप्प्याने विकसित केले. स्थानिक दगड आणि उघडे लाकूड वापरल्यामुळे तेथील इमारती झाडी आणि वाळूच्या टेकड्यांत मिसळून जातात. होनोलुलू येथील संस्थेची इमारत (१९२७) आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी वस्तीतील इमारत (१९३२) यांत त्या त्या ठिकाणच्या हवामानाचा व संस्कृतीचा विचार दिसतो. बर्कलीतील सेंट जॉन प्रेस्बिटेरियन चर्च (१९१०) आणि महिलांचा सिटी क्लब (१९३०) याही त्यांच्या महत्त्वाच्या वास्तू होत.

हर्स्ट कॅसल

फिबी हर्स्ट यांचे १९१९ मध्ये निधन झाल्यावर त्यांचे पुत्र, वृत्तपत्रसृष्टीतील बडे मालक विल्यम रँडॉल्फ हर्स्ट, यांनी सॅन सिमियन येथील वडिलोपार्जित जमिनीवर घर बांधण्याचे काम ज्युलिया यांच्याकडे सोपविले. लहानसे घर बांधण्याचा मूळ विचार वाढत वाढत १६५ खोल्या आणि १२७ एकरांच्या बागांपर्यंत गेला. काम १९४७ पर्यंत चालले, तरी ते पूर्ण झाले असे म्हणता येत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरील टेकडीवर, सुमारे १,६०० फूट उंचीवर हे बांधकाम करावयाचे होते. साहित्य जहाजाने बंदरात उतरवून डोंगरावर चढवावे लागे. प्रथम तीन अतिथिगृहे आणि नंतर ‘कासा ग्रान्दे’ ही मुख्य वास्तू बांधण्यात आली. तिच्या जुळ्या मनोऱ्यांची कल्पना स्पेनमधील रोंदा येथील चर्चवरून घेतलेली आहे. बाह्यरूप जुन्या स्पॅनिश धाटणीचे असले, तरी आतील सांगाडा भूकंपाला तोंड देणाऱ्या सलोह काँक्रीटचा आहे. हर्स्ट यांनी युरोपातून विकत आणलेली कोरीव छते, दरवाजे आणि शेकोट्या नव्या खोल्यांत बसविणे हे जिकिरीचे काम होते. हर्स्ट यांचे विचार वारंवार बदलत. ‘नेपच्यून’ जलतरण तलाव तर तीनदा बांधण्यात आला.

ज्युलिया आठवडाभर सॅन फ्रान्सिस्कोतील कामे पाहत आणि शनिवार-रविवारी रेल्वेने प्रवास करून सॅन सिमियनला जात. असा प्रवास त्यांनी पाचशेहून अधिक वेळा केला. कारागीर नेमणे, हिशेब ठेवणे, बागा आणि पाणीपुरवठा यांवर देखरेख करणे ही सारी जबाबदारी त्यांच्यावर होती. असे असूनही हा प्रासाद दीर्घकाळ केवळ मालकाच्या नावानेच ओळखला गेला.

कार्यपद्धती आणि स्वभाव

ज्युलिया यांची राहणी अत्यंत साधी होती. त्या अविवाहित राहिल्या. बांधकामावर त्या स्वतः परांचीवर चढून तपासणी करीत आणि चुकीचे काम पाडून पुन्हा करवून घेत. कार्यालयातील नफ्याचा मोठा वाटा त्या सहकाऱ्यांत वाटून देत. आरेखनाच्या कामावर त्यांनी स्त्रियांनाही नेमले. मुलाखती देणे, स्पर्धांत भाग घेणे, आपल्या कामाविषयी लेख लिहिणे या गोष्टी त्यांनी कटाक्षाने टाळल्या. इमारतीनेच आपल्या कर्त्याविषयी बोलावे, अशी त्यांची धारणा होती.

त्यांची स्वतःची अशी एकच शैली नाही. ग्राहकाची गरज, जागा आणि खर्च पाहून त्या गॉथिक, भूमध्यसागरी किंवा साध्या लाकडी बांधणीची निवड करीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर आधुनिकतावादी वास्तुकलेचा प्रभाव वाढल्यावर ऐतिहासिक शैलींत काम करणाऱ्यांची उपेक्षा झाली. प्रसिद्धिपराङ्मुख ज्युलिया त्या उपेक्षेत अधिकच मागे पडल्या.

अखेरची वर्षे आणि सन्मान

१९३२ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांच्या चेहऱ्यात व्यंग निर्माण झाले आणि शरीराचा तोलही बिघडला. तरीही त्यांनी काम थांबविले नाही. १९५१ मध्ये त्यांनी कार्यालय बंद केले. २ फेब्रुवारी १९५७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले.

बर्कली विद्यापीठाने १९२९ मध्ये त्यांना सन्माननीय पदवी दिली होती. हर्स्ट कॅसल कॅलिफोर्निया राज्याच्या ताब्यात आले आणि १९५८ पासून ते लोकांना पाहण्यासाठी खुले आहे. १९८८ मध्ये सारा होम्स बूटेल यांनी लिहिलेले चरित्र प्रसिद्ध झाल्यावर ज्युलिया यांच्या समग्र कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले गेले. त्यांच्या कागदपत्रांचा मोठा संग्रह सॅन लुईस ओबिस्पो येथील कॅलिफोर्निया पॉलिटेक्निक विद्यापीठात जतन केलेला आहे. २०१४ मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स या संस्थेने त्यांना मरणोत्तर सुवर्णपदक प्रदान केले. १९०७ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाच्या मानकरी ठरलेल्या त्या पहिल्याच महिला होत.