नवेगावबांध : तलावाभोवती घडलेल्या गावाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध या गावाच्या इतिहासाचे प्रमुख साधन म्हणजे तेथील तलाव होय. गावाच्या नावातील 'बांध' हा शब्दच त्याची साक्ष देतो. गोंड, भोसले, इंग्रज आणि स्वतंत्र भारत अशा चार राजवटी या गावाने पाहिल्या. परंतु गावाच्या जीवनात खरे स्थित्यंतर घडले ते तलावाच्या पाण्यावरील अधिकार ज्या ज्या वेळी एका हातातून दुसऱ्या हातात गेला त्या त्या वेळी. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने गावाच्या वाटचालीचा विचार केला आहे.

वैनगंगेच्या खोऱ्यातील या प्रदेशाला 'झाडीपट्टी' म्हणतात. पाऊस भरपूर, पण तो चार महिन्यांचा. आणि मुख्य पीक धानाचे. रोवणीनंतर पावसाने ताण दिला की पीक हातचे जाते. म्हणून येथे वसाहतीची पहिली अट पाणी अडविणे ही होती. चांदा येथील गोंड राजांनी ही अट ओळखली. जंगल तोडून गाव वसविणाऱ्यास त्या गावाचा अधिकार आणि तलाव बांधणाऱ्यास त्याच्या पाण्याने भिजणारी जमीन, असे त्यांचे धोरण परंपरेने सांगितले जाते. या धोरणाचा सर्वाधिक लाभ कोहळी समाजाने घेतला. गोंड राजा काशीयात्रेस गेला असता तेथून त्याने तलावबांधणीत निष्णात अशा कोहळ्यांना आणले, ही आख्यायिका रसेल व रायबहादूर हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या जातीजमातींविषयक ग्रंथात आढळते. आख्यायिका म्हणून तिचे मूल्य कमीअधिक ठरविता येईल. तलाव मात्र प्रत्यक्ष उभे आहेत.

नवेगावचा तलाव अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते. डोंगरांच्या वेढ्यातील खिंडी मातीच्या पाळीने बुजवून सुमारे 11 चौ. कि.मी. विस्ताराचा जलाशय त्यांनी निर्माण केला. हे काम लोकांना इतके अचाट वाटले की कोलू पाटलांचे 'कोलासुर देव' झाले आणि तलावाभोवतीच्या एका डोंगरावर त्यांचे ठाणे मांडले गेले. भोवतालची सात शिखरे म्हणजे सात बहिणी. मजूर घरी गेल्यावर रात्री त्या माती वाहत असत, आणि कोलासुराच्या डोंगरावरील पिवळसर पांढरे दगड म्हणजे त्यांच्या टोपल्या, अशी श्रद्धा 1908 च्या भंडारा जिल्हा गॅझेटियरमध्ये नोंदविलेली आहे. या कथेत एक गोष्ट लक्षणीय आहे. श्रेय देवतांना दिले असले तरी देवतांकडून करून घेतलेले काम हे टोपलीने माती वाहण्याचेच आहे. ज्यांनी प्रत्यक्षात टोपल्या वाहिल्या त्यांची नावे कोठेही नाहीत. पाटील देव झाला, मजूर बहिणींच्या रूपाने उरले, असाही या कथेचा अर्थ लावता येईल.

अठराव्या शतकाच्या मध्यास चांद्याचे राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेले. पाटलाचे स्थान टिकले. सारा वसूल करणारा तोच आणि पाळ राखणाराही तोच. 1854 मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला आणि त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी बहाल करण्यात आली. जो पूर्वी अधिकारी होता तो आता मालक झाला. त्याच वेळी 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात गावच्या रूढी नोंदविल्या गेल्याने कुळांच्या निस्तार हक्कांना लेखी आधारही मिळाला. पाळ, पाणी सोडण्याचे तुडुम, जादा पाणी वाहून नेणारा सलंग आणि शेतापर्यंतचे पाट यांची देखभाल मालगुजाराने गावाकडून करून घ्यावी, उन्हाळ्यात निघालेला गाळ शेतात पडावा, असा हा व्यवहार होता. धानाबरोबर उसाचे पीकही त्यावर पोसले गेले. तथापि या व्यवस्थेचे सरसकट गौरवीकरण करणे योग्य ठरणार नाही. तीत वेठबिगार होती आणि तिचा भार दुर्बलांवर पडत असे.

1950 च्या मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन कायद्यान्वये 31 मार्च 1951 पासून मालगुजारी संपुष्टात आली. पूर्व विदर्भातील सहा हजारांहून अधिक तलाव शासनाकडे आले व पुढे 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या नावाने ओळखले जाऊ लागले. कुळांच्या दृष्टीने हा कायदा न्याय्यच होता. मात्र मालकीबरोबर जबाबदारीही गावाबाहेर गेली. पाटबंधाऱ्याचे खाते वेगळे, मासेमारीची व्यवस्था वेगळी आणि भोवतालचे जंगल वनखात्याकडे अशी एकाच तलावाची विभागणी झाली. पाण्यावर उपजीविका करणाऱ्या ढिवर समाजाला आता ठेका आणि सहकारी संस्था यांच्या चौकटीत आपला हक्क शोधावा लागला. अनेक मामा तलाव गाळाने आणि बेशरमच्या झुडपांनी उथळ झाले.

1975 मध्ये 133.88 चौ. कि.मी. क्षेत्रावर नवेगाव राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि तलावाला तिसरी ओळख मिळाली. शेतीसाठी अडविलेले पाणी पक्ष्यांचे आश्रयस्थान म्हणून प्रसिद्धीस आले. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांच्या 'नवेगावबांधचे दिवस' या पुस्तकाने गावाचे नाव मराठी वाचकांपर्यंत नेले. 1999 मध्ये भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गाव गोंदिया जिल्ह्यात समाविष्ट झाले. 2013 मध्ये हे वनक्षेत्र नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग झाले. पर्यटकाला हा तलाव निसर्गनिर्मित वाटतो. पाळीखालच्या बांध्यांत धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याला तो पूर्वजांनी बांधलेला आहे हे ठाऊक असते, आणि पाणी केव्हा सोडावे हा त्याचा प्रश्न अद्यापही कोलू पाटलाच्या काळातलाच आहे. फरक इतकाच की अर्ज आता कार्यालयात द्यावा लागतो.