बिनतारी विजेचा इतिहास : एक मनोरा आणि तीन दिवे



हें भाषण आपल्या घरीं जें यंत्र बोलून दाखवीत आहे, त्याच्याकडे क्षणभर पाहावें. माझा शब्द त्याच्यापर्यंत हवेंतून आला. परंतु तें यंत्र ज्या विजेवर चालतें, ती मात्र भिंतींतील तारेनें आली, किंवा आंत घातलेल्या बॅटरींतून आली. शब्दाला तार लागत नाहीं, मग विजेलाच ती कां लागावी, असा प्रश्न एखाद्या चौकस मुलानें विचारला, तर त्याला गप्प बसवूं नये. ह्याच प्रश्नापायीं एका थोर संशोधकानें आपलें वैभव घालविलें, आणि त्याचें समाधानकारक उत्तर मिळावयास पुढें शंभराहून अधिक वर्षें लागलीं. त्या प्रश्नाचा इतिहास आज आपणांस सांगावयाचा आहे.

ह्या इतिहासाचा आरंभ लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें होतो. १८३१ सालीं २९ ऑगस्ट रोजीं मायकेल फॅरडे यांनीं तेथें एक साधा प्रयोग केला. लोखंडाच्या एका कड्यावर तारेचीं दोन वेटोळीं गुंडाळलेलीं होतीं; त्यांचा परस्परांशीं स्पर्श नव्हता. एका वेटोळ्यांत बॅटरीचा प्रवाह सोडतांच दुसऱ्या वेटोळ्याजवळची चुंबकसूची हालली व पुन्हा स्थिर झाली. प्रवाह बंद करतांच ती उलट दिशेनें हालली. प्रवाह संथ वाहत असतां मात्र ती हालली नाहीं. फॅरडे यांच्या ध्यानांत आलें कीं, किमया प्रवाहांत नाहीं, ती प्रवाहाच्या बदलांत आहे. प्रवाह बदलला कीं त्याभोंवतींचें चुंबकीय क्षेत्र बदलतें, आणि त्या बदलत्या क्षेत्रांत सांपडलेल्या दुसऱ्या तारेंत आपोआप वीज उत्पन्न होते.

रस्त्याच्या कडेला खांबावर जो ट्रान्सफॉर्मर बसविलेला असतो, त्याचें कार्य ह्याच तत्त्वावर चालतें. म्हणजे आपल्या घरीं येणारी वीज वाटेंत तार सोडून उडी घेऊनच येत असते. परंतु ही उडी अगदीं तोकडी असते. शिवाय तिला लोखंडाच्या गाभ्याचा आधार असतो. तो आधार काढला आणि वेटोळीं दूर नेलीं, कीं काम बिघडतें. वेटोळ्याच्या आकाराच्या मानानें अंतर मोठें झालें, म्हणजे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणांत क्षीण होत जातें. अंतर दुप्पट झालें तर क्षेत्र एक अष्टमांश उरतें, तिप्पट झालें तर एक सत्ताविसांश. निसर्गाचा हा हिशेब फार कडक आहे.

ह्या कडक हिशेबांतून थोडी सवलत मिळविण्याची युक्ति म्हणजे अनुनाद. आपल्या संगीतप्रेमी घरांना ती नवी नाहीं. सारंगीच्या मुख्य तारांखालीं तरफांच्या तारा असतात. त्यांना गज लागत नाहीं. तरी त्यांच्या स्वराशीं जुळणारा स्वर वर निघाला कीं त्या आपोआप झंकारूं लागतात, आणि ज्या तारा त्या स्वराला मिळविलेल्या नसतात त्या स्तब्ध राहतात. मुलाला झोका देतांनाही हेंच घडतें. प्रत्येक धक्का लहान असतो. परंतु तो झोक्याच्या तालावर पडत गेला, म्हणजे झोका आकाशाला भिडूं लागतो. विजेच्या मंडलालाही असा स्वतःचा ताल असतो. वेटोळें आणि कंडेन्सर एकत्र जोडले, कीं वीज त्यांच्यामध्यें ठराविक गतीनें हेलकावे घेऊं लागते. १८८९ च्या सुमारास ऑलिव्हर लॉज या इंग्रज शास्त्रज्ञांनीं लेडन जारचीं दोन मंडलें एकमेकांपासून अलग ठेवून दाखविलें कीं, एकांत ठिणगी पाडली असतां दुसऱ्यांतही ठिणगी पडते. मात्र दोहोंचा ताल जुळलेला असला पाहिजे. रेडिओचें केंद्र लावतांना आपण जी कळ फिरवितों, ती असाच ताल जुळविण्यासाठीं.

ह्या युक्तीचा उपयोग संदेशासाठीं न करितां शक्ति पाठविण्यासाठीं करावा, हा ध्यास निकोला टेस्ला यांनीं घेतला. त्यांचा जन्म १८५६ सालीं स्मिल्यान या गांवीं झाला. तें गांव आज क्रोएशियांत आहे. १८८४ सालीं ते अमेरिकेस गेले, आणि १८८८ सालीं त्यांनीं प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणारी आपली मोटर विद्वानांपुढें मांडली. आज जगांतील असंख्य कारखाने त्याच जातीच्या मोटरांवर चालतात. २० मे १८९१ रोजीं न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजांत व्याख्यान देतांना त्यांनीं, कोणतीही तार न जोडलेल्या कांचेच्या नळ्या प्रकाशमान करून दाखविल्या. सभागृह थक्क झालें. तो चमत्कार मुख्यतः विद्युत्क्षेत्राचा होता, चुंबकीय क्षेत्राचा नव्हे. परंतु तारेवांचून दिवा लागतो, हें लोकांनीं डोळ्यांनीं पाहिलें.

१८९९ च्या मे महिन्यांत टेस्ला कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें गेले. समुद्रसपाटीपासून सुमारें सहा हजार फूट उंचीवरच्या त्या गांवीं त्यांनीं एक लाकडी प्रयोगशाळा उभारली, आणि जानेवारी १९०० पर्यंत तेथें राहून प्रयोग केले. त्या प्रयोगशाळेचें एक छायाचित्र जगप्रसिद्ध आहे : डोक्यावर विजेचे प्रचंड लोळ कडाडत आहेत, आणि खालीं टेस्ला खुर्चीवर स्वस्थ बसले आहेत. तें चित्र एकाच कांचेवर दोनदां प्रकाश घेऊन तयार केलेलें आहे. लोळ निराळ्या वेळचे, खुर्चींतील माणूस निराळ्या वेळचा. पंचवीस मैलांवरचे दोनशें दिवे त्यांनीं तारेवांचून पेटविले, अशीही एक कथा वारंवार छापली जाते. तिला विश्वसनीय पुरावा नाहीं.

परंतु ह्या दोहोंपेक्षां मोलाचें असें एक तिसरें चित्र आहे, आणि त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं. जून १९०० च्या 'सेंच्युरी' मासिकांत टेस्ला यांनीं एक दीर्घ लेख लिहिला. त्यांतील एका छायाचित्रांत साधे तीन दिवे जळतांना दिसतात. ते एकाच तारेच्या चौकोनांत बसविलेले होते. चौकोनाची प्रत्येक बाजू पन्नास फूट, आणि मुख्य यंत्राच्या वेटोळ्यापासून त्याचें अंतर शंभर फूट. चौकोनांत एक कंडेन्सर घालून त्याचा ताल यंत्राशीं तंतोतंत जुळविलेला होता, आणि यंत्र आपल्या शक्तीच्या शेंकडा पांचांहूनही कमी जोरावर चालविलें होतें, असें त्या चित्राखालीं म्हटलें आहे. चुंबकीय क्षेत्र, दोन मंडलें, जुळलेला ताल आणि पेटलेला दिवा, हीं चारही अंगें तेथें एकत्र आलेलीं आहेत. ज्या तत्त्वाला आज नवें म्हणून गौरविलें जातें, त्याचें दर्शन त्या तीन दिव्यांत घडतें.

दुर्दैव असें कीं, टेस्ला यांचें लक्ष शंभर फुटांवर नव्हतें. तें सबंध पृथ्वीवर होतें. पृथ्वीचा गोल हाच एक प्रचंड वाहक आहे, त्याला योग्य तालाचे धक्के दिले तर तोही तरफेच्या तारेसारखा झंकारेल, आणि मग जगांत कोठेंही जमिनींत तार पुरून वीज काढून घेतां येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. १९०१ सालीं जे. पी. मॉर्गन या धनाढ्य सावकारानें दीड लक्ष डॉलर देऊं केले, आणि न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफ येथें १८७ फूट उंचीचा मनोरा उभा राहूं लागला. मॉर्गन यांनीं पैसा दिला होता तो समुद्रापार संदेश पाठविण्यासाठीं. १२ डिसेंबर १९०१ रोजीं मार्कोनी यांनीं इंग्लंडहून निघालेला संकेत न्यूफाउंडलंडमध्यें ऐकला. टेस्ला यांनीं अधिक द्रव्य मागितलें. मॉर्गन यांनीं तें नाकारलें. काम थांबलें. १९१७ सालीं तो मनोरा पाडून टाकण्यांत आला. ७ जानेवारी १९४३ रोजीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलींत टेस्ला यांचा एकाकी अंत झाला.

धनिकांनीं कट करून फुकट मिळणारी वीज दडपून टाकली, असें पुष्कळांस वाटतें. ही कथा मनाला गोड लागते. परंतु न्याय करावयाचा तर तो दोन्ही बाजूंनीं केला पाहिजे. संदेश आणि शक्ति यांत मूलतः भेद आहे. हजार मैलांवर निघालेल्या लहरींचा एक कोट्यंश जरी आपल्या यंत्रास मिळाला, तरी त्याचा विस्तार करून शब्द ऐकतां येतो. बाकीचा भाग वाया गेला तरी कोणी विचारीत नाहीं. शक्तीचें तसें नाहीं. तेथें वाया जातें तेंच नुकसान. दारीं आलेल्या पाहुण्यास पत्र पोंचलें कीं काम झालें, पण धान्य पाठविलें तर पोतें भरून पोंचलें पाहिजे. पृथ्वीच्या पाठीवरून वीज अल्प तोट्यांत सर्वत्र पोंचेल, हा टेस्ला यांचा तर्क निसर्गाला मान्य नव्हता. मॉर्गन यांनीं आणखी पैसे दिले असते, तरी निसर्गानें आपला हिशेब बदलला नसता.

पुढचीं अनेक वर्षें ह्या विद्येचे प्रवाह निरनिराळ्या वाटांनीं वाहिले. फ्रान्सच्या हुतँ व लब्लाँ या अभियंत्यांना १८९४ सालींच रुळांजवळच्या तारेवरून आगगाडीस स्पर्शावांचून वीज पुरविण्याचें अमेरिकन पेटंट मिळालेलें होतें. १९६४ सालीं विल्यम ब्राउन यांनीं अमेरिकेंत सूक्ष्म लहरींचा झोत खालून सोडून एक लहानसें हेलिकॉप्टर हवेंत तरंगत ठेविलें, आणि १९७५ सालीं कॅलिफोर्नियांत अशाच झोतानें सुमारें एक मैलावर तीस किलोवॉटहून अधिक शक्ति पोंचविण्यांत आली. परंतु झोताची वाट निराळी; ती मोकळ्या मैदानांत ठीक, घरांत माणसांच्या वावरांत नव्हे.

घराजोगी वाट पुन्हा सांपडली ती २००७ सालीं. अमेरिकेंतील एम. आय. टी. या संस्थेंत मारिन सोल्याचिच यांच्या मंडळींनीं तांब्याच्या तारेचीं साठ सेंटिमीटर व्यासाचीं दोन वेटोळीं टांगलीं. दोहोंचा ताल एकच, सेकंदास सुमारें एक कोट हेलकाव्यांचा. मध्यें दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांचें अंतर. तरी पलीकडे साठ वॉटचा दिवा लागला. एका वेटोळ्यांतून दुसऱ्यांत शेंकडा चाळीस भाग शक्ति पोंचत होती. भिंतींतून मात्र चारशें वॉट घ्यावे लागत होते. म्हणजे एकंदर हिशेबानें शेंकडा पंधरा. संशोधकांनीं हा आंकडा लपविला नाहीं, आणि त्यामुळेंच पुढील सुधारणेस पाया मिळाला. हे सोल्याचिच जन्मानें क्रोएशियाचे, हाही एक योग!

आज ह्या विद्येचें फळ आपल्या मेजावर आहे. एका चकतीवर मोबाइल ठेविला कीं तो तारेवांचून भारला जातो. त्यासाठींचा 'ची' नांवाचा सर्वमान्य नियम २०१० सालीं प्रसिद्ध झाला. ह्याहून हृद्य उदाहरण कर्णबधिरांचें आहे. ज्या बालकाच्या कानांत शस्त्रक्रियेनें श्रवणयंत्र बसविलेलें असतें, त्याच्या कानामागें बाहेरून एक लहान वेटोळें लावलेलें असतें, आणि त्वचेखालीं दुसरें. मधली त्वचा न भेदतां शब्द आणि शक्ति दोन्ही आंत जातात. आईची हांक त्या मुलाला ऐकूं येते ती ह्या बोटभर अंतराच्या उडीमुळें.

पृथ्वीला झंकारविण्याचें स्वप्न पाहणाऱ्या मनुष्याचें कार्य अखेर बोटभर अंतरावर सफल व्हावें, हें कोणास लहान वाटेल. मला तसें वाटत नाहीं. मनोरा पडला, कारण तो निसर्गाच्या हिशेबाबाहेरचा होता. तीन दिवे त्या हिशेबांत बसणारे होते, म्हणून त्यांचा प्रकाश पुढें पोंचला. थोरांच्या चरित्रांतून आपण त्यांचीं भव्य स्वप्नें मुलांना सांगतोंच; त्यांबरोबर त्यांनीं नीट मापून, तोलून सिद्ध केलेल्या लहान गोष्टीही सांगत जाव्या. विज्ञानाची परंपरा त्या लहान गोष्टींवरच चालते.