लग्नाच्या दारापर्यंतची गोष्ट

मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघणार असे ठरल्यावर चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकवलात, तेव्हा इतिहासावरच काही लिहा. मात्र सनावळ्या फार नकोत." सनावळीवाचून इतिहास म्हणजे मिठावाचून आमटी, तरी बेताने घालीन असे कबूल केले. विषय सांगितला तेव्हा मात्र त्या हसल्या. कारण माझा विषय होता टीव्हीवरची एक मालिका!

झाले असे की, गेल्या पावसाळ्यात पाय मुरगळून मी तीन आठवडे एका जागी होते. माझ्या नातीने करमणुकीसाठी मला 'ब्रिजर्टन' ही इंग्रजी मालिका लावून दिली. पुढे पुढे दुपारच्या वेळी आपल्यापैकी तिघीचौघी येऊन बसू लागल्या. एकीने गवार मोडायला आणली, एकीने वाती वळायला घेतल्या, आणि आम्ही लंडनच्या सरदारघराण्यांतली लग्ने पाहू लागलो. आपल्याकडे हे अगदीच नवे नव्हे. दूरदर्शनवर १९८५ साली 'तृष्णा' नावाची मालिका लागत असे, ती जेन ऑस्टेन या इंग्रज लेखिकेच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या कादंबरीवरून घेतलेली होती. मुलींची लग्ने जमविण्याची चिंता हा विषय कोणत्याही देशातल्या आईला समजावून सांगावा लागत नाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ज्यूलिया क्विन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्यांवरून ही मालिका तयार झाली आणि डिसेंबर २०२० मध्ये प्रथम दाखविली गेली. पहिल्या भागातला काळ १८१३ सालचा आहे. राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या भरात, राज्यकारभार युवराजाच्या हाती, आणि राणी शार्लट दरबारात बसून यंदाच्या मुलींत उजवी कोण ते ठरविते आहे. काळ जुना, पण पुष्कळसे नवे करून घेतलेले आहे. नाचाच्या वेळी व्हायोलिनवर वाजतात त्या आजच्या गाण्यांच्या चाली. मुली बोलतात आजच्या मुलींसारख्या. आणि ड्यूक, राणी, सरदार यांत काळे, गोरे, सावळे सगळे एका पंक्तीला बसलेले. खरी शार्लट जर्मनीतल्या एका लहानशा संस्थानाची कन्या. १७६१ साली तिचे लग्न झाले आणि तिला पंधरा मुले झाली. तिच्या अंगात दूरचे आफ्रिकन रक्त होते असे काहीजण म्हणतात. बहुतेक इतिहासकार ते मानीत नाहीत.

नातीने मला पहिल्याच दिवशी विचारले, "आजी, यातलं खरं किती गं?"

खरे पुष्कळ आहे, ते आधी सांगितले पाहिजे. लंडनचा 'सीझन' खरा. पार्लमेंट भरले की सरदारांची कुटुंबे खेड्यातले वाडे सोडून शहरात येत, आणि त्या काही महिन्यांत उपवर मुलींना नाचगाण्याच्या मेळाव्यांतून फिरवीत. मुलगी दरबारात राणीपुढे वाकून आली म्हणजे ती लग्नाच्या बाजारात आली. त्या वेळच्या तऱ्हा ऐकण्यासारख्या आहेत. बाहेरच्या फॅशनमध्ये कंबर छातीपर्यंत वर चढलेली, परंतु दरबारात जुन्या पद्धतीचा घेरदार सांगाड्याचा परकर सक्तीचा. त्यामुळे मुलगी काखेपासूनच घंटेसारखी फुगलेली दिसे. वर डोक्यात शहामृगाची पिसे. चौथ्या जॉर्जने १८२० साली तो सांगाडा बंद केला. मालिकावाल्यांनी तो वगळला हे बरेच केले, नाहीतर नायिकेला दारातून आत आणताना पंचाईत झाली असती.

'अल्मॅक्स' नावाचे एक स्थळ होते, १७६५ साली सुरू झालेले. तेथे दर बुधवारी नाच होत, आणि प्रवेश कोणाला द्यायचा ते ठरवीत सरदारघराण्यांतल्या सहासात बायका. लेडी जर्सी, लेडी कासलरे अशी त्यांची नावे. पैसा असून भागत नसे. या बायकांची चिठ्ठी मिळाली पाहिजे. रात्री अकरानंतर दार बंद. वॉटर्लूचा विजेता वेलिंग्टन यालाही दारातून परत पाठविले होते, अशी गोष्ट सांगतात. आणि एवढ्या मानाच्या जागी खायला काय, तर पातळ कापलेला पाव, लोणी, चहा, लिंबाचे सरबत. आपल्या मंडळाच्या हळदीकुंकवाचा फराळ पाहिला असता तर त्या बायका लाजल्या असत्या. (आपलीही सभा बुधवारीच असते, हे मैत्रिणींनी लगेच हेरले, चिटणीसबाईंना दोन दिवस 'लेडी जर्सी' म्हणत होत्या.)

दुसऱ्या भागात मात्र आम्ही सगळ्या सावरून बसलो, कारण नायिका निघाली मुंबईची! केट आणि एडविना शर्मा या दोघी बहिणी १८१४ साली मुंबईहून लंडनला येतात. मूळ कादंबरीत त्या इंग्रजच. मालिकेने त्यांना हिंदी केले. केट धाकटीच्या केसांना तेल लावते, विलायती चहा न आवडून मसाला घालून आपला चहा करते, आणि लग्नाआधी हळद लागते तेव्हा 'कभी खुशी कभी गम'ची चाल वाजते. आम्हा बायकांचे डोळे ओलावले हे खरे. पण मुंबईची मुलगी बहिणीला 'दीदी' म्हणते, मध्येच बंगाली 'बोन' येते, आणि वडील 'अप्पा'. अप्पा एकवेळ आपल्यातही चालतील, पण ताई कोठे गेली? त्या सुमारास पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, शेजारी संगमावर एल्फिन्स्टन रेसिडेंट होऊन बसलेला होता, आणि पेशवाईची चारच वर्षे उरली होती, याचा त्या दिवाणखान्यांत कोणाला पत्ताच नाही.

हिंदी मुलगी त्या काळच्या इंग्रज समाजात असणे अगदीच अशक्य होते असे मात्र नाही. हैदराबादचा रेसिडेंट जेम्स कर्कपॅट्रिक आणि तेथल्या खानदानी घराण्यातली खैरुन्निसा यांची मुलगी कॅथरीन, म्हणजे किटी, ही १८०५ साली चिमुकली असताना भावाबरोबर विलायतेला पाठविली गेली. ती मोठी झाली, इंग्रज समाजात वावरली, १८२९ साली एका कॅप्टनशी तिचे लग्न झाले. पण आई तिला पुन्हा दिसली नाही. खैरुन्निसा वारली ते साल १८१३. मालिकेत लंडनचे दिवे झगमगतात तेच साल. मला दोन्ही चित्रे एकावर एक दिसू लागली आणि त्या दिवशी पुढचे पाहवेना.

मालिकेने रंगाचा भेद पुसला, याबद्दल माझी तक्रार नाही. ज्यांना इतकी वर्षे पडद्यावर फक्त नोकर होता आले, त्यांनी ड्यूक व्हावे. परंतु भेद पुसताना त्या बड्या घरांची मिळकत कोठून येई तेही पुसले गेले. इंग्लंडने गुलामांचा व्यापार १८०७ साली बंद केला खरा. पण वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांवर गुलाम १८३० नंतरही राबत होते, आणि त्यांना मुक्त केले तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मिळाली ती मालकांना.

असो. मला सांगायची आहे ती याहून जवळची गोष्ट.

तिसऱ्या भागात पेनेलपी नावाची मुलगी गुपचूप समाजातल्या बातम्यांचे पत्रक छापून स्वतःच्या लेखणीवर पैसे कमावते, आणि तिचे लग्न ठरते. नात एकदम म्हणाली, "आजी, लग्न झाल्यावर तिचे पैसे कुणाचे?"

मी म्हटले, "नवऱ्याचे."

तिने मालिका थांबविली. "म्हणजे दोघांचे?"

"दोघांचे नव्हेत, त्याचे."

तिला खरे वाटेना. मग मी सांगितले तेच येथे लिहिते. त्या काळी इंग्लंडच्या कायद्याने लग्नानंतर नवराबायको एकच व्यक्ती होत, आणि ती व्यक्ती म्हणजे नवरा. या स्थितीला त्यांचा शब्द 'कव्हर्चर', म्हणजे आच्छादन. बायकोचे रोख पैसे, दागिने, कमाई नवऱ्याची होई. तिला स्वतःच्या नावाने करार करता येत नसे, फिर्याद करता येत नसे. मुले बापाची. ज्या बापांजवळ पैसा आणि वकील होते ते लेकीसाठी विश्वस्तांच्या हाती काही रक्कम बांधून ठेवीत, म्हणून त्या घरांत नाचाच्या आधी आणि नंतर वकिलांच्या बैठका होत. मालिकेत नाच दिसतात, बैठका क्वचितच. आणि घटस्फोट? १८५७ पर्यंत पुन्हा लग्न करता येईल असा घटस्फोट हवा तर पार्लमेंटकडून स्वतंत्र कायदा मंजूर करून घ्यावा लागे. असे शेकडो कायदे झाले; त्यांत बायकांच्या अर्जावरून झालेले चार.

कॅरोलिन नॉर्टन ही नाटककार शेरिडनची नात. सुंदर, हुशार, १८२७ साली एकोणिसाव्या वर्षी लग्न झालेली. मालिकेची नायिका शोभली असती. नवरा मारहाण करी. १८३६ साली त्याने पंतप्रधान मेलबर्नशी तिचे नाव जोडून खटला भरला, तो हरला; तरीही तीन मुलगे त्याच्याचकडे राहिले, आणि कायद्याने त्यात गैर काही नव्हते. ती लिहून पोट भरी, त्या मानधनावरही हक्क त्याचाच. तिने पत्रके लिहिली, लोकांना भेटली, आणि १८३९ साली सात वर्षांखालील मुलांसाठी आईला न्यायालयात अर्ज करता येईल असा कायदा झाला. तिचा धाकटा १८४२ मध्ये घोड्यावरून पडून आजारी झाला. आई पोचेपर्यंत मूल गेले होते. विवाहित बाईची मिळकत पूर्णपणे तिची, हे इंग्लंडने मान्य केले ते १८८२ साली. तोवर कॅरोलिन वारून पाच वर्षे झाली होती.

आता कळेल की जेन ऑस्टेनने काय केले. १८०२ च्या डिसेंबरात ती सव्वीस वर्षांची असताना ओळखीतल्या एका मोठ्या इस्टेटीच्या वारसाने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला आणि सकाळी उठून नकार दिला. पुढे वडील गेल्यावर भावांच्या मदतीवर दिवस काढावे लागले. पण 'प्राइड अँड प्रेज्युडिस'च्या हक्काचे ११० पौंड आले, ते अविवाहित असल्यामुळे तिचे स्वतःचे होते. कादंबरी निघाली जानेवारी १८१३ मध्ये, म्हणजे पुन्हा तेच साल.

ही त्यांच्या घरची गोष्ट म्हणून सोडून देता आली असती. परंतु इंग्रजांबरोबर त्यांचा कायदाही बोटीतून मुंबईस उतरला. रखमाबाईंचे नाव आपण सर्वजणी घेतो. अकराव्या वर्षी लग्न झालेले, नांदायला गेलेल्या नाहीत. नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या हायकोर्टात दावा लावला की बायकोने येऊन राहावे. हा दावा आपल्या धर्मशास्त्रातला नव्हता, तो इंग्लंडच्या चर्चच्या कोर्टांतून आलेला. पहिल्या न्यायाधीशाने, पिन्हे यांनी, हेच म्हणून तो फेटाळला. अपिलानंतर मात्र १८८७ मध्ये हुकूम झाला की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करीन म्हणाल्या. गंमत अशी, की इंग्लंडने या कारणासाठी तुरुंगाची शिक्षा १८८४ मध्येच काढून टाकली होती. जुने झालेले कपडे मोलकरणीला द्यावेत तसा कायदा आपल्याकडे राहिला. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली, आणि रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. इंग्लंडने तो दावाच १९७० च्या कायद्याने रद्द केला. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, कलम ९ मध्ये, तो आहे.

येथे नात जरा जोरात म्हणाली, "पण आपल्याकडे स्त्रीधन होतं ना?" होते. मिताक्षरेने ते बाईचे म्हटले आहे, आणि त्या काळच्या इंग्रज बाईला हेवा वाटावा असाच तो नियम. मात्र दुष्काळ, आजारपण, धर्मकार्य अशा अडचणीत नवऱ्याने घेतले तर परत दिलेच पाहिजे असे नाही, हेही त्यातच आहे. माझ्या आईच्या पाटल्या काकांच्या धंद्यासाठी गेल्या, तेव्हा दुष्काळ नव्हता, आजारपण नव्हते. तिला विचारलेही नाही. ती पुढे तीस वर्षे काचेच्या बांगड्या घालीत असे आणि हातांना सोने टोचते असे सांगत असे.

मी हे सारे नातीला इतक्या तपशिलाने का सांगितले, तेही सांगून टाकते. तिचे लग्न जमते आहे. मुलगा चांगला आहे, तिचा तिने पसंत केलेला आहे. तिने नोकरीतून एक लहानसा फ्लॅट घेतला आहे, हप्ते अजून चालू आहेत. मुलाकडच्या मंडळींनी गोड शब्दांत सुचविले की लग्नाआधी त्यावर मुलाचे नाव लावून घ्यावे, म्हणजे पुढे कटकट नको. ती 'हो' म्हणण्याच्या बेतात होती, हे मला नंतर कळले.

त्या रात्री तिने उरलेले प्रवेश पाहिले नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलाशी फोनवर बराच वेळ बोलली. दार लावलेले होते, म्हणून काय बोलली ते मला ठाऊक नाही. बाहेर आली आणि म्हणाली, "आजी, नाव माझंच राहील असं सांगितलं. तो 'बरं' म्हणाला, पण जरा थांबून म्हणाला."

रविवारी मंडळी येणार आहेत. पोह्यांचे माझ्याकडे आहे.