फुलामुलांच्या कवीची श्रद्धा : नागपूरहून निघालेला एक प्रवास

१. ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता मराठी शाळांतून पिढ्यानपिढ्या शिकवली गेली. बाणाने घायाळ झालेली पक्षीण मरता मरता पिलांपाशी पोहोचू पाहते, एवढाच तिचा विषय. कवी नारायण वामन टिळक. महाराष्ट्राने त्यांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हटले. हा कवी ख्रिस्ती धर्मोपदेशकही होता, आणि त्याच्या धर्मांतराची वाट नागपुरातून जाते.

२. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मण. संस्कृतचा व्यासंग दांडगा, मात्र एका गावी पाय ठरत नसे. १८९०च्या सुमारास ते नागपुरास आले. धनिक आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम त्यांच्याकडे आले. धर्मचर्चेसाठी ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी चालवले.

३. त्या काळी त्यांच्या मनात एका नव्या धर्माची कल्पना घोळत होती. जातिभेद नसलेला, सर्व माणसांना एका पित्याची लेकरे मानणारा धर्म. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीच्या डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटले. संस्कृत काव्यावर बोलणे झाले. उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांच्या हाती बायबल ठेवले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले.

४. वाचता वाचता टिळक मत्तयच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी थांबले आणि तेथेच गुंतले. त्या प्रवचनात येशू चिंतेने ग्रासलेल्या माणसांना आकाशातील पाखरे आणि रानातील फुले पाहायला सांगतो. ईश्वराच्या काळजीचा पुरावा म्हणून तो पोथी पुढे करत नाही, फूल दाखवतो. निसर्गाच्या वेडाने झपाटलेल्या कवीला ही भाषा परकी वाटण्याचे कारणच नव्हते.

५. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. याची किंमत मोठी होती. आप्तेष्ट दुरावले, समाजाने बहिष्कार घातला, पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू यांची काही वर्षे ताटातूट झाली. पुढे लक्ष्मीबाई परत आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला.

६. अहमदनगरला अमेरिकन मिशनमध्ये काम करताना टिळकांपुढे नवा प्रश्न उभा राहिला. मराठी ख्रिस्ती उपासनेत इंग्रजी चालींची, भाषांतरित गीते पुष्कळ होती. अर्थ कळे, पण त्यात जीव रमत नसे. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन उपासनेत आणले. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे ते सांगत.

७. त्या सेतूवरून त्यांनी काय आणले? वारकरी विठ्ठलाला ‘माउली’ म्हणतो आणि तिच्यापुढे लेकरू होऊन हट्ट धरतो, रुसतो, भांडतोही. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटले, माता आणि गुरू एकाच रूपात पाहिले. लेकराप्रमाणे झाल्याखेरीज स्वर्गाच्या राज्यात प्रवेश नाही, हे येशूचे वचन मराठी संतपरंपरेत आधीपासून जगले जात होते. टिळकांना ती जुळणी दिसली.

८. येथे ‘बालसुलभ’ आणि ‘बालिश’ यांतला फरक ध्यानात घ्यावा. बालिश मन दुःखाकडे पाठ फिरवते. टिळकांची कल्पना मात्र त्या घायाळ पक्षिणीच्या शरीरात शिरते आणि तिची वेदना भोगते. ‘वनवासी फूल’ या दीर्घकाव्यात तर माणूस रानफुलाशी जगण्यावर वाद घालतो. दुसऱ्या जिवाच्या ठायी स्वतःला पाहण्याची जी शक्ती मुलांत सहज असते, तीच येथे करुणा होते.

९. या वृत्तीचा भार कोणी वाहिला, हेही सांगितले पाहिजे. टिळक हातचे देऊन मोकळे होत, रागावत, क्षणात विरघळत. संसाराची तोंडमिळवणी लक्ष्मीबाईंनी केली. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हे सारे मिश्कीलपणे आणि जराही न लपवता लिहिले. नवऱ्याच्या भोळेपणावर हसणारी ही लेखिका त्याच्याइतकीच निर्मळ होती.

१०. त्याच घरात कवी त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, मुलासारखे वावरले. कोवळ्या प्रतिभेला तेथे धर्म विचारला जात नसे.

११. १९१७ मध्ये, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. नागपुरात मनात घोळलेली एका पित्याच्या लेकरांची कल्पना अशी पुन्हा वर आली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले.

१२. ते पुढे नेले लक्ष्मीबाईंनी. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या या बाईंनी त्या महाकाव्यात अध्यायांमागून अध्याय रचले. श्रद्धेने मोठ्या वयातही नवी अक्षरे गिरवत राहावे, याचे मराठीत याहून नेमके उदाहरण सापडणे कठीण.