गावाला किती गुण?

1990च्या दशकात सरकारी अनुदानावर महाराष्ट्रातल्या खेडोपाडी संडास बांधले गेले आणि त्यातल्या कित्येकांत गोवऱ्या, सरपण, मोडकी भांडी राहायला आली. कागदावर मात्र काम पूर्ण! मोजलं जात होतं ते बांधकाम. पहाटे टमरेल घेऊन कोण बाहेर पडतंय, याची नोंद कुठेच नव्हती.

2000 साली ग्रामविकासमंत्री आर. आर. पाटील यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आणलं आणि हिशेब उलटा केला. आधी गावाने स्वच्छ व्हायचं, मग समिती येणार, गुण देणार, आणि नंबर आला तर बक्षीस. गावं लोकवर्गणी आणि श्रमदानावर कामाला लागली. झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना, दारोदारी रांगोळ्या. शाळेत साहेब येणार असले की व्हायचं तसंच थोडं. पण ग्रामपंचायतीच्या कामाची चर्चा पारावर सुरू झाली, हे मला बक्षिसापेक्षा मोठं वाटतं.

मग केंद्राचा निर्मल ग्राम पुरस्कार आला. 2005 मध्ये तो पहिल्यांदा दिला गेला. त्याची अट कडक होती. अख्खं गाव हागणदारीमुक्त हवं. म्हणजे एक घर बाहेर गेलं तरी सगळ्या गावाचा पुरस्कार अडणार. यातून आली 'गुड मॉर्निंग पथकं'. पहाटे शिट्ट्या, कुठे हातात गुलाबाचं फूल, कुठे दंडाची धमकी. ज्याच्याकडे संडास बांधायला जागाच नाही, त्याने काय करायचं? गुणांच्या शर्यतीत गरिबाची अडचण ही गावाची बदनामी ठरू लागली. हे मला या पद्धतीचं सगळ्यात वाईट अंग वाटतं.

निर्मल गावांच्या संख्येत महाराष्ट्र देशात पहिला. आणि जनगणना? राज्याच्या ग्रामीण भागात 2001 साली 18 टक्के घरांत संडास होता, 2011 साली 38 टक्के. दुपटीहून जास्त, ही खरी कमाई आहे. पण दहातल्या सहा घरांत तेव्हाही नव्हता.

समितीने गाव पाहिलं ते तयारी करून बसलेलं. जनगणनेचा प्रगणक घरोघरी गेला, म्हणून त्याचा आकडा मला जास्त भरवशाचा वाटतो. तरी त्यानेही विचारलं ते संडास आहे का आणि कोणत्या प्रकारचा, एवढंच. मे महिन्यात टँकरपुढे हंडा घेऊन उभी असलेली बाई त्यातलं किती पाणी संडासात ओतते, हा प्रश्न त्याच्या फॉर्मवर नव्हता.