रिच्चीचा वाडा

स्पर्धा परीक्षेसाठी स्मरणाच्या युक्त्या शोधताना मला मात्तेओ रिच्ची सापडला. हा इटालियन जेझुइट १५७८ मध्ये गोव्यात उतरला आणि पुढे चीनला गेला. १५९६ मध्ये नानचांगच्या सुभेदाराची मुलं सरकारी परीक्षेची तयारी करत होती. त्यांच्यासाठी त्याने चिनी भाषेत पुस्तिका लिहिली: मनात वाडा बांधा, खोलीखोलीत चित्रं ठेवा, हवं तेव्हा फिरून उचला. मुलं पुढे गेली तर आपल्या धर्मालाही दार उघडेल, ही त्याची आशा. थोरल्याने वाचून सांगितलं, नियम खरे आहेत, पण ते वापरायलाच दांडगी स्मरणशक्ती लागते! मला हसू आलं. मग माझा वाडा तपासला. निम्म्या खोल्यांत काय ठेवलं होतं, तेच आठवेना. तेव्हापासून रोज एकच खोली भरतो, आणि आधीच्या सगळ्या पुन्हा फिरून येतो.