सिमेंट रस्त्याची पाच वर्षांची हमी

आज पिकाचं नाही, रस्त्याचं लिहितोय. उसाची ट्रॉली भरून निघाली की रस्ता कसाय ते आपल्यालाच आधी कळतं.

अमेरिकेत ओहायो राज्यात बेलफाउंटन नावाचं छोटं गाव आहे. तिथं जॉर्ज बार्थोलोम्यू सिमेंट बनवायचा. घोडे बांधायच्या जागी नालांनी रस्ता उखडायचा, म्हणून १८९१ साली त्यानं तिथं आठ फूट रुंदीची काँक्रीटची पट्टी टाकून दाखवली. ती टिकली. मग १८९३ ला कोर्टाजवळचा रस्ता त्याला मिळाला, पण गावच्या कारभाऱ्यांनी अट घातली. सिमेंट फुकट द्यायचं, वर पाच हजार डॉलरचा जामीन, रस्ता पाच वर्षं टिकला पाहिजे. गड्यानं मान्य केलं! त्या कोर्ट अव्हेन्यूचा काही भाग आजही शाबूत आहे.

त्यानं माल हातानं कालवला. खाली जाड खडीचा थर, वर बारीक खडीचा. घोडे घसरू नयेत म्हणून वरून खाचा पाडल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, रस्ता सलग ओतला नाही, पाच-पाच फुटांचे चौकोन केले.

हे का, ते आपल्याला सांगायला नको. काळी जमीन वाळली की भेगाळते, तसंच काँक्रीट वाळताना आकसतं. भेग पडणारच, फक्त ती आपण ठरवू तिथं पडावी. म्हणून आता साधारण साडेचार मीटरवर कटर मारतात, जाडीच्या चौथाई ते तिहाई खोल. तोही काँक्रीट कटर सोसण्याइतकं घट्ट झालं की लगेच, बहुतेक पहिल्याच दिवसात. नंतर सांधा भरायचा, नाहीतर पाणी खाली उतरतं, चाकाच्या दाबानं चिखल वर येतो, स्लॅब पोकळ राहतो आणि तुटतो.

आमच्या शिवारातल्या रस्त्याला कटर आला पाचव्या दिवशी. तोवर वेडीवाकडी चीर पडून गेलेली. ओली पोती तीन दिवस, मग तीही गायब. आम्ही बोललो तर म्हणाले, "सिमेंट आहे, काय होतंय." दुसऱ्याच हंगामात चिरेजवळचा कोपरा बसला, तिथं भरल्या ट्रॉलीचा जू मोडला. दिवसभर ऊस रस्त्यावर.

ग्रामसभेत मी हमीचा कागद मागितलाय. पुढच्या महिन्यात वरच्या वस्तीचा रस्ता ओतणार आहेत. कटर कधी येणार, ते आधी विचारून ठेवलंय, आणि पाणी मारायला आमची मोटर देतो म्हणालोय.